हिरवी वीज विकत घेताना आपण नेमकं काय विकत घेतो?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग शिरड शहापूरहून. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. औंढ्याहून वसमतकडे निघालात की लागतं. हळदीचा मुलूख. आणि आजचा विषय मात्र मुंबईचा आहे. मुंबईसारखं मोठं शहर सूर्याची आणि वाऱ्याची वीज विकत कशी घेतं, ती योजना कशी उभी राहते, आणि त्यात आपला संबंध कुठे येतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या विजेचं शिरड शहापूरला काय? दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आपल्या भागातली कितीतरी पोरं आज मुंबईत, ठाण्यात, पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतात आणि तिथलं वीजबिल भरतात. दुसरी म्हणजे सौर वीज तयार करायला जागा लागते, आणि जागा शहरात नसते. ती गावात असते. म्हणजे या व्यवहाराची दोन्ही टोकं आपल्या घरातच आहेत. बिल भरणारा पोरगा एका टोकाला, सातबारा नावावर असलेले वडील दुसऱ्या टोकाला. म्हणून हा भाग दोघांनीही ऐकावा असा करायचा प्रयत्न आहे.

चला, सुरू करू.

बिलातले ६६ पैसे

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने एक आदेश काढला. हा आयोग म्हणजे राज्यात विजेचे दर ठरवणारी संस्था. आदेश असा की, ज्या ग्राहकाला आपली सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून हवी आहे, म्हणजे सौर, पवन वगैरे, त्याने आपल्या वीज कंपनीला तसं कळवायचं. कंपनीने त्याच्यासाठी तेवढी वीज विकत घ्यायची. आणि ग्राहकाने नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा द्यायचे. याला म्हणतात ग्रीन टॅरिफ, हरित दर. हा पर्याय फक्त मोठ्या कारखान्यांना नव्हता. घरगुती ग्राहकालाही होता. फक्त मुंबईत नव्हता, राज्यभर होता.

साधा हिशेब करू. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर. १५० गुणिले ६६ पैसे, म्हणजे ९९ रुपये. एका मोबाइल रिचार्जपेक्षाही कमी. हा दर आयोग वेळोवेळी बदलतो, त्यामुळे तुम्ही घ्यायचं ठरवलंत तर त्या दिवशीचा दर कंपनीच्या अ‍ॅपवर बघूनच घ्या. आपण समजून घेण्यापुरता ६६ पैसे धरू.

आता प्रश्न असा, की हे ९९ रुपये देऊन तुमच्या खोलीतला पंखा खरंच सौर विजेवर फिरायला लागतो का?

सरळ उत्तर: नाही. आणि हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

टाकीत दोन मोटरी

गावातली पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकीत दोन मोटरींनी पाणी चढतं. एक सोलरवर चालते, दुसरी डिझेलवर. टाकीतून सगळ्या गावाला नळ. आता तुम्ही ग्रामपंचायतीत जाऊन म्हणालात, मला सोलरच्या मोटरीचंच पाणी पाहिजे, मी वर पैसे देतो. तर तुमच्या नळाला वेगळं पाणी येईल का? नाही येणार. टाकीत सगळं एकत्रच झालंय. पण तुमच्या पैशातून सोलरची मोटर दोन तास जादा चालली, तर डिझेलची मोटर तेवढी कमी चालेल. तुमच्या नळाचं पाणी तेच राहिलं, पण गावाचा धूर कमी झाला.

विजेचं ग्रिड म्हणजे हीच टाकी. चंद्रपूरच्या कोळशाची, कोयनेच्या पाण्याची, सोलरची, पवनचक्कीची, सगळी वीज त्यात एकत्र होते. तारेतल्या विजेला रंग नसतो. रंग असतो तो कागदाला. कोणी किती वीज आत घातली आणि कोणाच्या नावावर ती मोजली गेली, एवढंच काय ते हिरवं.

म्हणून ‘हिरवी वीज’ हा शब्द ऐकला की तारेकडे बघू नका. कराराकडे बघा. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शहराच्या टोकाला वीज किती हिरवी आहे हे करार ठरवतो. आणि गावाच्या टोकाला ती किती न्यायाची आहे हेही करारच ठरवतो.

योजना उभी कशी राहते

मुंबईत वीज देणारे चौघं आहेत. दक्षिण आणि मध्य मुंबईत बेस्ट. उपनगरांत अदाणी इलेक्ट्रिसिटी. त्याच शहरात टाटा पॉवर. आणि मुलुंड, भांडुपकडे आपली महावितरण. यापैकी कोणालाही मोठ्या प्रमाणावर हिरवी वीज घ्यायची असेल तर पायऱ्या साधारण सारख्याच असतात.

पहिली पायरी, अंदाज. पुढच्या दहा-वीस वर्षांत ग्राहक किती वाढतील, एसी किती वाढतील, मेट्रोला किती लागेल, इलेक्ट्रिक गाड्यांना किती लागेल.

दुसरी पायरी, निविदा. म्हणजे टेंडर. कंपनी सांगते, आम्हाला इतके मेगावॅट पाहिजेत, कोण किती रुपयांना देतो? इथे उलटा लिलाव होतो. आपल्या मोंढ्यात हळदीची बोली वर वर जाते. इथे बोली खाली खाली येते. सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला काम मिळतं.

तिसरी पायरी, वीज खरेदी करार. साधारण २५ वर्षांचा. हा करार का महत्त्वाचा? कारण सौर प्रकल्पात जवळपास सगळा पैसा सुरुवातीलाच जातो. पॅनल, तारा, इन्व्हर्टर. नंतर ऊन फुकट. बँक एवढं मोठं कर्ज कशावर देते? तर या करारावर. ‘२५ वर्षं ही वीज अमुक दराने घेतली जाईल’ असा कागद दाखवला की कर्ज मिळतं. म्हणजे शहराची सही हीच प्रकल्पाची पायाभरणी असते.

चौथी पायरी, आयोगाची मंजुरी. कंपनीने महागडा करार केला तर बिल शेवटी ग्राहकच भरणार. म्हणून आयोग करार तपासतो, हरकती मागवतो, सुनावणी घेतो. या सुनावण्या जाहीर असतात. सामान्य ग्राहकही तिथे बोलू शकतो. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

पाचवी पायरी, तारा आणि वेळापत्रक. वीज कुठून कशी येणार, कोणत्या वेळी किती येणार, हे राज्य भार प्रेषण केंद्र बघतं.

आणि सहावी पायरी, हिशेब. वर्षभरात तुमच्या नावावर किती हिरवी वीज आली, किती वापरली, ते बिलात दाखवणं.

मुंबईतलं मोठं उदाहरण सांगतो. उपनगरांना वीज देणाऱ्या अदाणी इलेक्ट्रिसिटीने ७०० मेगावॅट सौर-पवन मिश्र विजेचा करार केला. ही वीज येते राजस्थानातल्या जैसलमेरहून. दर ठरला युनिटला ३ रुपये २४ पैसे. कंपनीच्या सांगण्यानुसार २०१९ मध्ये तिच्या विजेत नवीकरणीय वाटा अवघा ३ टक्के होता. २०२३ मध्ये तो ३८ टक्क्यांवर गेला. लक्ष्य आहे २०२७ पर्यंत ६० टक्के. बारा नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस. त्या दिवशी दुपारच्या काही तासांत या कंपनीने आपल्या ग्राहकांची सगळी मागणी नवीकरणीय विजेतून भागवली.

आता इथे एक गोष्ट टिपून ठेवा. दुपारचे काही तास. रात्री नाही. याकडे आपण परत येणार आहोत.

आणि हे सगळं कशासाठी? मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहराचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. त्या आराखड्यात २०१९ सालचा हिशेब आहे: शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जा वापराचा. म्हणजे मुंबईला सुधारायचं तर गाड्यांच्या आधी विजेकडेच बघावं लागतं.

पोरांनी विचारायचे तीन प्रश्न

समजा तुम्ही घाटकोपरला, कांदिवलीला खोली करून राहता. सूर्यघर योजनेत छतावर सोलर बसवायला ३ किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, पण तुम्हाला स्वतःचं छतच नाही. चाळीत, इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला स्वतःच्या बळावर हिरव्या विजेत भाग घ्यायचा असेल तर ग्रीन टॅरिफ हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे. मग ते ९९ रुपये द्यावेत का? द्या, पण तीन प्रश्न विचारून द्या.

पहिला प्रश्न: माझ्या पैशातून नवीन काही होतंय का?

आपल्याकडे कायद्याने प्रत्येक वीज कंपनीला ठरावीक टक्के नवीकरणीय वीज घ्यावीच लागते. केंद्राने ठरवलेला आकडा २०२४-२५ साठी २९.९१ टक्के होता आणि २०२९-३० पर्यंत तो ४३.३३ टक्क्यांवर जायचा आहे. म्हणजे तुम्ही पैसे द्या न द्या, एवढी वीज कंपनीला घेणं भागच आहे. मग तुम्ही जादा पैसे दिलेत ते या सक्तीच्या वरच्या विजेसाठी, की सक्तीच्याच विजेवर तुमच्या नावाचं लेबल लावण्यासाठी? टाकीच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या पैशाने सोलरची मोटर खरंच जादा चालली का, की ती चालणारच होती? लेबल लावणं बेकायदेशीर असेलच असं नाही. पण तुम्हाला जे वाटतंय ते तुम्ही विकत घेतलेलं नसतं. कंपनीला ई-मेल करून हे विचारा. तुम्ही ग्राहक आहात, विचारायचा हक्क आहे.

दुसरा प्रश्न: कोणत्या वेळची वीज?

‘१०० टक्के हिरवी वीज’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की, महिन्याभरात किंवा वर्षभरात तुम्ही जितकी युनिटं वापरली तितकी हिरवी युनिटं कंपनीने घेतली. पण सूर्य दुपारी तळपतो आणि तुम्ही कामावरून घरी येता रात्री आठला. तेव्हा टीव्ही, एसी, मोबाइल चार्जर सगळं सुरू. त्या वेळी वीज कोळशावरच चाललेली असू शकते. म्हणूनच दिवाळीच्या दिवशी दुपारचे काही तास जमले, रात्र जमली नाही. सौरबरोबर वारा घेतला तर संध्याकाळचा थोडा भाग भरून निघतो, कारण वारा रात्रीही वाहतो. बाकीच्यासाठी साठवण लागते. बॅटरी किंवा पाणी वर चढवून परत खाली सोडणारे जलविद्युत प्रकल्प. तुम्ही तुमच्या बाजूने एक करू शकता: वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, स्कूटरचं चार्जिंग जमेल तेव्हा दुपारी लावा.

तिसरा प्रश्न: वीज शहरात शिरणार कुठून?

१२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? मुंबईत सकाळी वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या. मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली. वीज आत आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या मोजक्या. बाहेर कितीही स्वस्त सौर वीज असली तरी दारच अरुंद असेल तर आत किती येणार? त्यानंतर खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे हिरवी वीज विकत घ्यायची योजना म्हणजे निम्मी योजना तारांचीच असते. खर्चही त्याचा असतो, आणि तोही बिलातच येतो.

मुंबईने हे पहिल्यांदाच केलेलं नाही

आता थोडं मागे जाऊ. कारण मुंबईने लांबून बिनधुराची वीज आणली, ही गोष्ट काही आजची नाही. शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. सह्याद्रीतला पाऊस लोणावळ्याच्या बाजूला तलावांत अडवायचा, पाइपांमधून घाटाखाली सोडायचा आणि त्या जोरावर वीज तयार करायची. ती वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना. त्याआधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर मुंबईचा पहिला मोठा हिरव्या विजेचा ग्राहक कोण, तर गिरण्या.

मग मागणी वाढली आणि पुढचं धरण ठरलं मुळशीला. मुळा आणि नीला नद्यांच्या खोऱ्यात. तिथे मावळ्यांची गावं होती, भाताची खाचरं होती. वीज मुंबईला जाणार होती, पाणी डोंगराखाली भिऱ्याला जाणार होतं, आणि बुडणार होती ती मुळशीची शेती. १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, पुढे आले, तुरुंगात गेले, आणि याच लढ्यातून त्यांना लोक ‘सेनापती’ म्हणायला लागले. लढा काही वर्षं चालला. शेवटी धरण झालं. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झालं. ते आजही मुंबईला वीज देतं.

ही गोष्ट का सांगितली? ती वीज स्वच्छ होती का? होती. धूर नव्हता. पण वीज स्वच्छ असली म्हणजे व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही. मुळशीच्या माणसाला त्या कागदावर जागाच नव्हती. शहराने खरेदी केली, कंपनीने विक्री केली, आणि ज्याची जमीन गेली तो तिऱ्हाईत ठरला.

आज शंभर वर्षांनंतर सौर वीज येते आहे. मग प्रश्न साधा आहे: या वेळी गावाला कागदावर जागा आहे का?

आता आपल्याकडे या

जागा आहे, काही प्रमाणात. आणि ती काय आहे हे नीट समजून घेऊ, कारण हा भाग ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी हा कागद आज-उद्या येणार आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. इथे वीज विकत घेणारी आहे महावितरण. ती वीज मुंबईला जात नाही, हे आधी स्पष्ट करतो. गावाजवळच्या सबस्टेशनला जोडून काही मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प उभे करायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची. पण पद्धत तीच. टेंडर, उलटा लिलाव, २५ वर्षांचा करार. मार्च २०२४ मध्ये ९ हजार मेगावॅटच्या प्रकल्पांची कामं दिली गेली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प या दुसऱ्या टप्प्यातला पहिला.

यातून शेतकऱ्याला मिळतं काय? सगळ्यात मोठी गोष्ट, दिवसाची वीज. ज्याने जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला उठून हळदीला पाणी दिलंय, बॅटरीच्या उजेडात बांधावरून जाताना साप बघितलाय, त्याला याची किंमत सांगायला नको. इतकी वर्षं शेतीची थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने यायची. सौर वीज तयारच दिवसा होते, त्यामुळे ती द्यावीही दिवसाच लागते. बघा, मुंबईच्या ग्राहकाला जी अडचण वाटते, दुपारीच वीज, रात्री नाही, तीच शेतकऱ्याची सोय आहे. शेतीचा पंप हा सौर विजेसाठी सगळ्यात चांगला ग्राहक आहे.

दुसरी गोष्ट, भाडं. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. दर आहे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी ५० हजार. किंवा जमिनीच्या सरकारी मूल्यदराच्या ६ टक्के. दोन्हींपैकी जो जास्त असेल तो. आणि तिसरी गोष्ट, ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये.

मुळशीच्या मानाने हे कुठल्या कुठे पुढे आहे. जमीन नावावर राहते, पैसे दरवर्षी येतात, पाऊस पडो न पडो. कोरडवाहू, मुरमाड जमिनीच्या मालकासाठी हा चांगला सौदा असू शकतो. पण सही करण्याआधी मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर उघडा.

भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण सरळ पद्धतीने. चक्रवाढ नाही. म्हणजे एकरी ५० हजारांवर दरवर्षी १,५०० रुपयेच वाढणार. पंचवीस वर्षांनी भाडं होतं ८७ हजार ५००. आता महागाई. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच ४ टक्के आहे, आणि महागाई चक्रवाढीने वाढते. ४ टक्क्यांनी आज ५० हजारांना येणारी वस्तू २५ वर्षांनी साधारण १ लाख ३३ हजारांना येईल. म्हणजे त्या वेळचे तुमचे ८७ हजार ५०० हे आजच्या भावात साधारण ३३ हजार होतात. भाडं आकड्याने वाढलं, पण ताकदीने तिसरा हिस्सा उतरलं. म्हणून हा सौदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या जमिनीत आज एकरी हातात काय उरतं, खर्च वजा जाता, ते मांडा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ओलिताच्या, हळद येणाऱ्या रानाचा हिशेब वेगळा येईल, माळरानाचा वेगळा.

कराराच्या कागदात अजून चार गोष्टी शोधा. भाडं कोण देणार, आणि उशीर झाला तर व्याज आहे का? प्रकल्प मध्येच बंद पडला किंवा कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर पुढे काय? मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट, पॅनल कोण उचलणार आणि जमीन कशा स्थितीत परत मिळणार? आणि सातबाऱ्यावर नेमकी काय नोंद होणार, त्यावर पुढे पीककर्ज मिळेल का? हे चार प्रश्न वकिलाकडून किंवा निदान गावातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. पंचवीस वर्षं म्हणजे आज शाळेत जाणारा मुलगा तेव्हा बाप झालेला असेल.

आणि एक प्रश्न सातबारा नसलेल्यांचा. या प्रकल्पांना सरकारी आणि गायरान जमिनीही दिल्या जातात. गायरानावर कोणाचं नाव नसतं, म्हणून ते कोणाचंच नाही असं होत नाही. तिथे शेळ्या चरतात, गुरं चरतात, काही घरांचं पोट त्यावर चालतं. भाडेपट्ट्याचा चेक त्यांच्या नावाने निघत नाही. ग्रामपंचायतीला येणाऱ्या १५ लाखांतून त्यांच्यासाठी काय करायचं, चाऱ्याची दुसरी सोय काय, हे ग्रामसभेत प्रकल्पाच्या आधी बोललं गेलं पाहिजे, नंतर नाही. जे बोलतील ते बहुतेक तरुण असतील, कारण ठराव वाचणारे तुम्हीच आहात.

शहराने अजून काय करावं

जगात काही शहरांनी एक वेगळा मार्ग काढलाय. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००२ मध्ये कायदा केला, की शहरं आणि परगणे आपल्या रहिवाशांच्या वतीने एकत्र वीज विकत घेऊ शकतात. तारा जुन्या कंपनीच्याच, पण वीज कोणाकडून घ्यायची हे शहर ठरवणार. मॅरिन परगण्याने २०१० मध्ये सुरुवात केली, सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ मध्ये. तिथली खुबी अशी की रहिवासी आपोआप योजनेत येतो, नको असेल तर बाहेर पडतो. आपल्या ग्रीन टॅरिफमध्ये उलटं आहे. ज्याला पाहिजे त्याने स्वतः जाऊन मागायचं. म्हणून ते मागणारे थोडेच राहतात.

मुंबईला तर यासाठी परदेशात बघायचीही गरज नाही. १९४७ पासून या शहराकडे पालिकेच्या मालकीचा वीजपुरवठा आहे. बेस्ट. लाल बस चालवणारी तीच. नागरिकांच्या मालकीची संस्था नागरिकांसाठी वीज विकत घेते, हे मुंबईत पाऊणशे वर्षांपासून चालू आहे. मग अशा संस्थेने पुढचा मोठा करार करताना दोन अटी कागदावर घालाव्यात असं मागता येईल. एक, ही वीज सक्तीच्या टक्क्यांच्या वर असावी आणि कोणत्या तासाला किती आली ते ग्राहकाला दिसावं. दुसरी, जिथून वीज येते त्या गावाचं भाडं महागाईला धरून वाढावं, ते वेळेवर मिळाल्याचा पुरावा असावा. टेंडरमध्ये अट नसेल तर उलट्या लिलावात दर खाली येताना सगळ्यात आधी काय कापलं जातं, ते मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

यासाठी ग्राहकाला पडणारा फरक किती? आपण आकडे बघितलेत. एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. पाच एकर धरले तर भाड्याचे वर्षाला अडीच लाख. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅट वर्षाला सुमारे १५ लाख युनिट देतो. भागून बघा: युनिटमागे जेमतेम १७ पैसे. भाडं दुप्पट केलं तरी युनिटला आणखी १७ पैसेच वाढतात. ज्या शहरातला ग्राहक हिरव्या लेबलसाठी ६६ पैसे द्यायला तयार होता, त्याला हे जड जाईल असं मला वाटत नाही. फक्त कोणीतरी त्याला हा हिशेब दाखवला पाहिजे.

तर मंडळी, आज घरी फोन कराल तेव्हा दोन्ही बाजूंनी एकेक काम करा. मुंबई-पुण्यात असाल तर कंपनीचं अ‍ॅप उघडा, ग्रीन टॅरिफचा आजचा दर बघा आणि ते तीन प्रश्न ई-मेलने विचारा. उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात वाचू. आणि गावात असाल तर विचारा, आपल्या सबस्टेशनच्या आसपास सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे का, ग्रामसभेत तो आला का, गायरान त्यात आहे का.

हा भाग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. त्यात बिल भरणारेही आहेत आणि जमिनीवर सही करणारेही. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.